कणा किती मिलिमीटरचा?

माणसाला कणा असावा, असं सगळेच सांगतात. तो किती मिलिमीटरचा असावा, हे मात्र कोणी सांगत नाही. ते सांगायची पाळी माझ्यावर आली, तीही नालासोपाऱ्याच्या एका गाळ्यात, भर दुपारी, पंखा बंद पडलेला असताना.

"काका, स्पाइन किती?" कॉम्प्युटरवरच्या मुलानं विचारलं.

मी चटकन ताठ बसलो. कणा म्हटलं की मराठी माणसाला कुसुमाग्रजांची कविता आठवते. मला एक्स-रे आठवतो. बँकेतल्या खुर्चीनं गेल्या वीस वर्षांत माझ्या पाठीचं जे काही केलंय, त्याचा एक्स-रे घरी कपाटावर जपून ठेवलेला आहे. "चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली जागा जरा बिघडलीय," मी खरं ते सांगून टाकलं.

"तुमची नाही हो! पुस्तकाची."

मुखपृष्ठ झालं होतं. मलपृष्ठ झालं होतं. (ही नावं ज्यानं कोणी ठेवली त्याला माझा नमस्कार. पुढे मुख, मागे मल आणि दोघांना जोडणारा कणा. पुस्तकाची आणि माणसाची रचना एकच, हे त्यानं किती थोडक्यात सांगितलं!) राहिला होता फक्त कणा. म्हणजे पुस्तक कपाटात उभं केल्यावर जी अरुंद पट्टी आपल्याला दिसते, ती. तिची रुंदी कळल्याशिवाय कव्हर पुरं होत नाही, कारण पुढचं, मधलं आणि मागचं मिळून एकच कागद असतो. मधला अंदाज चुकला की मुखावरचं मलाकडे जातं.

आता मी या भानगडीत पडलो कसा, ते सांगतो.

आमचं गाव वटार. नंदाखाल, निर्मळ, राजोडी ही आमची शेजारपाजारची मंडळी. विरार लोकलमध्ये एका पायावर उभ्या असलेल्या माणसाला सांगितलं, की स्टेशनापासून थोडं पश्चिमेला गेलास तर केळीच्या वाड्या लागतील, तर तो आपल्याकडे संशयानं बघतो. पण वाड्या अजून आहेत. आणि वाड्यांत, पूर्वीच्या मानानं फारच कमी, पण बावखलंही आहेत.

बावखल म्हणजे विहिरीपेक्षा पसरट आणि तलावापेक्षा लहान असा, वाडीत खणलेला गोड्या पाण्याचा साठा. पावसाचं पाणी त्यात उतरायचं, जमिनीत मुरायचं आणि आजूबाजूच्या विहिरी गोड ठेवायचं. समुद्र हाकेच्या अंतरावर असताना पाणी गोड राहणं ही चेष्टा नव्हे. पूर्वी त्यावर रहाट फिरायचे. पुढे पंप आले, मग नळ आले, मग जमिनीला भाव आला आणि बावखलात भराव आला.

या बावखलांवर आमच्या मास्तरांनी पुस्तक लिहिलं. मास्तर आता ब्याऐंशी वर्षांचे. त्यांनी मला चौथीत शिकवलं. निवृत्तीनंतर सायकलवरून हिंडून त्यांनी एकेक बावखल मोजलं: लांबी, रुंदी, मालक, सातबाऱ्याचा नंबर, आणि बुजलं असेल तर कोणत्या साली. सगळं मिळून छापील ऐंशी पृष्ठं. मग एका रविवारी मला निरोप आला.

"तू बी. कॉम. ना? मग छपाईचा हिशेब तू बघ." मी मान डोलावली. चौथीतल्या मास्तरांपुढे माणसाची मान एकाच दिशेला हलते. "आणि एक गोष्ट. पुस्तक कपाटात उभं केलं की त्यावर माझं नाव दिसलं पाहिजे. छत्तीस वर्षं हजेरीपटावर दुसऱ्यांची नावं लिहिली. माझं एकदा कुठंतरी उभं राहू दे."

मास्तरांनी आयुष्यात स्वतःसाठी काही मागितल्याचं मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

तर कणा. गणित अगदी सोपं आहे. एका कागदाची जाडी गुणिले एकूण कागद, अधिक कव्हरची जाडी. मी दुसऱ्या दिवशी बँकेत झेरॉक्सच्या कागदाचं न फोडलेलं रीम घेतलं आणि फूटपट्टी लावली. पाचशे कागद, पाच सेंटिमीटर. म्हणजे एक कागद एक दशांश मिलिमीटर. पुस्तकाचा कागद साधारण तेवढाच. ऐंशी गुणिले एक दशांश, आठ मिलिमीटर! वर कव्हर. मी नालासोपाऱ्याला फोन करून ऐटीत सांगितलं, "साडेआठ धर."

मुलानं साडेआठ मिलिमीटरच्या पट्टीत मास्तरांचं नाव असं काही दणदणीत बसवलं, की नमुन्याचा कागद पाहून मास्तरांनी आतून दुसरा चष्मा मागवला. बराच वेळ त्या नावावरून अंगठा फिरवत बसले. मग म्हणाले, "ठीक आहे." त्यांच्या तोंडी "ठीक आहे" म्हणजे दहापैकी नऊ.

चार दिवसांनी बाइंडरकडून डमी आली. डमी म्हणजे त्याच कागदाचं, तेवढ्याच पृष्ठांचं, पण एकही अक्षर न छापलेलं पुस्तक. (छापून आलेल्या काही पुस्तकांपेक्षा डमी बरी असते, पण तो वेगळा विषय आहे.) तिचा कणा भरला साडेचार.

"साहेब," बाइंडर म्हणाला, "पृष्ठं ऐंशी. पानं चाळीस."

एका पानाला दोन पृष्ठं असतात, हे पहिलीतल्या मुलालाही ठाऊक असतं. संस्कृतात पृष्ठ म्हणजे पाठ. पानाला दोन्हीकडून पाठच असते, पोट नसतंच. पण मी वाणिज्य शाखेचा. जमा आणि नावे, प्रत्येक गोष्ट दोनदा मांडायची सवय. दुहेरी नोंद पद्धतीचा एवढा शब्दशः उपयोग आजवर कोणी केला नसेल.

"साडेचारवर नाव येणार नाही," मुलगा म्हणाला. "पाचाच्या आत आम्ही अक्षरं टाकत नाही. घडी मिलिमीटरभर इकडेतिकडे होतेच." शिवाय आपली लिपी. इंग्रजी मोठी अक्षरं शहाण्या मुलांसारखी एका ओळीत बसतात. मराठी अक्षराला वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार. वरच्या मजल्यावर भाडेकरू, खाली तळघर. तेवढ्याच पट्टीत मराठी नाव बसवायचं तर मूळ अक्षर बारीक करावं लागतं. मास्तरांच्या नावात रफारही आहे आणि उकारही.

मी घरी आलो आणि कारकुनाला शोभेल अशी उपायांची यादी केली.

पहिला उपाय, फुगीर कागद. कागद जीएसएमवर विकला जातो, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन किती ग्रॅम, त्यावर. वजन, जाडी नव्हे. त्याच वजनाचा एक कागद दाबून गुळगुळीत केलेला असतो, दुसरा कापसासारखा सैल. दुसऱ्यात जास्तीची असते ती हवा. दुसरा उपाय, पुढेमागे कोरी पानं. तिसरा, दोन प्रस्तावना, चार शुभेच्छा आणि मान्यवरांबरोबरचे फोटो. चौथा, टाइप मोठा करून ओळींत अंतर वाढवणं. या चौथ्यातला मी तज्ज्ञ आहे. बी. कॉम.च्या परीक्षेत एकेका उत्तराला पुरवण्या जोडून दोऱ्यानं त्यांची जी मोळी मी बांधत असे, ती उचलताना पर्यवेक्षकसुद्धा आदरानं वाकायचे. गुण मोळीला मिळत नसतात, हे निकालाच्या दिवशी कळलं.

खरं म्हणजे जाडीनं फसायचं माझं वय नाही. कॅशमध्ये बसलेल्या माणसाला हे पहिल्या महिन्यात कळतं. शंभर कोऱ्या नोटांचं पाकीट सडपातळ असतं. त्याच नोटा बाजार फिरून आल्या की पाकीट फुगतं, पण नोटा शंभरच. आणि दहाच्या नोटांचं पाकीट आणि पाचशेच्या नोटांचं पाकीट शेजारी ठेवलं तर जाडीत फरक सांगता येत नाही. जाडीवरून रक्कम ठरवणारा कॅशियर दुपारच्या आत घरी जाईल, आणि परत बोलावला जाणार नाही. हे सगळं कळत असूनही मी यादी घेऊन मास्तरांकडे गेलो. कारण तो अंगठा मला विसरता येत नव्हता.

मास्तरांनी यादी वाचली. शाळेत निबंध लांबवला की ते समासात लाल शाईनं 'पाल्हाळ' लिहीत. मी लाल पेनाची वाट बघत होतो. पण ते शांतपणे म्हणाले, "बावखल कसं बुजवतात, बघितलंयस?"

"हो. रात्री डंपर येतात."

"मी ऐंशी पृष्ठं भरावाविरुद्ध लिहिली. आणि तू माझ्याच पुस्तकात डंपर घेऊन आलास?"

यावर गप्प बसणं शहाणपणाचं होतं. पण बँकेत ग्राहकांशी वाद घालून घालून माझी जीभ सुटलेली आहे. "मास्तर, फुगीर कागदात खोटं काय आहे? एक शब्द तरी खोटा छापला जातोय का? वाचणाऱ्याला ऐंशी पृष्ठं मिळणार, ती मिळतीलच. फोटो काढताना माणूस पोट आत घेतो, त्याला कोणी लबाड म्हणत नाही."

"फोटोपुरतंच घेतो. तुझं पुस्तक जन्मभर पोट फुगवून उभं राहणार."

तेव्हा बोलता आलं नाही, पण परतताना मी विचार करत होतो. पाचशेच्या नोटेवर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांचं वचन छापलेलं असतं. पुस्तकाचा कणा हेही तसंच एक वचन आहे. आत अमुक इतकं आहे, असं कपाटातून दिलेलं. रुंदी वाढवून आत हवा भरणं म्हणजे खात्यात शिल्लक नसताना चेक फाडणं. इथवर मास्तरांचं बरोबर. पण दुसरी बाजूही आहे की नाही? लॉकरमध्ये ठेवून किल्ली हरवलेल्या दागिन्याचा सोनेपणा खरा असतो, पण तो कोणाच्या गळ्यात दिसत नाही. अस्सल पुस्तक कपाटात कोणाला सापडलंच नाही, तर त्याच्या अस्सलपणाचा उपयोग कोणाला? गावची बावखलं एकदा जमिनीत बुजली. आता दोन जाडजूड ग्रंथांच्या मध्ये पुन्हा बुजायची का?

पुढच्या रविवारी हाच मुद्दा मी मांडला. मास्तर तयारीत होते.

"पोथीला कणा होता? सुटी पानं, वर-खाली लाकडी फळ्या आणि बांधायला रुमाल. कणा नव्हता म्हणून कोणाची ज्ञानेश्वरी वाचायची राहिली नाही. आणि 'ख्रिस्तपुराणा'चं बघ. इंग्लंडातून आलेले फादर थॉमस स्टीफन्स मराठीत जवळजवळ अकरा हजार ओव्या रचतात. १६१६ साली गोव्यात राचोलला ते पुराण रोमन लिपीत छापतात. पुढे १६४९ आणि १६५४ मध्ये आणखी दोन आवृत्त्या. चांगला बोटबोट जाडीचा कणा असणार त्याला! आज त्या तिन्ही आवृत्त्यांची एक प्रत उपलब्ध नाही. कणे गेले. पण लोकांनी हातानं नकला करून ठेवल्या होत्या, त्यांच्यावरून १९०७ मध्ये मंगळूरला ते पुन्हा छापलं. पुस्तक टिकलं ते पानांनी."

"मग तुम्हाला नाव कशाला हवंय?"

विचारलं आणि जीभ चावली. मास्तर थोडा वेळ अंगणातल्या केळीकडे बघत राहिले.

"हवंय तर," ते म्हणाले. "ब्याऐंशी वर्षांचा झालो म्हणून हौस संपते, असं कोणी सांगितलं तुला? पण हवं असणं वेगळं आणि त्यासाठी भराव टाकणं वेगळं."

यावर काय बोलणार? मी निघायला उठलो. तेवढ्यात इतका वेळ आत वाल सोलत बसलेल्या मास्तरीणबाईंचा आवाज आला.

"ऐंशी पृष्ठांत एक तरी बाई आहे का?"

आम्ही दोघंही चपापलो.

"लांबी लिहिली, रुंदी लिहिली, मालक लिहिला. पाणी कोण भरायचं? धुणी कोण धुवायचं तिथं, तुमचा सातबारा?"

मास्तरांनी हस्तलिखित उघडलं. खरंच, एकही बाई नव्हती. मालक पुरुष, मोजणारे मास्तर, टाइप करणारा मी. छत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढलेला माणूस स्वतःची चूक सापडल्यावर कसा दिसतो, हे मी त्या दिवशी पाहिलं. तो खूश दिसतो.

"ऐकलंस?" मास्तर मला म्हणाले. "जाडी हवी तर भराव नको. खणायला हवं."

मग आमचे सगळे रविवार खणण्यात गेले. मास्तर आता सायकल चालवत नाहीत, म्हणून माझ्या स्कूटरवर मागे बसायचे आणि प्रत्येक वळणावर मला हात दाखवायची आठवण करायचे. म्हाताऱ्या बायकांच्या ओट्यावर बसून आम्ही विचारायचो, आणि त्या आधी "आम्हांला काय माहीत बाबा?" म्हणायच्या आणि मग दोन तास बोलायच्या. कोणत्या बावखलाच्या पाण्यात डाळ लवकर शिजायची, हे आम्हांला कळलं. पाणी गोडं की मचूळ याची इतकी सोपी परीक्षा माझ्या कॉमर्सच्या डोक्यात कधी आली नसती. केळीच्या खुंटाला धरून पोहायला कोण कुठं शिकलं, हे कळलं. कोणत्या दगडावर धुणं आपटायचं यावरून दोन घरांत किती वर्षं बोलणं नव्हतं, हेही कळलं. एका आजीनं आम्हांला सुकेळी दिली आणि हसून म्हणाली, "राजेळी केळं सुकलं की बोटाएवढं होतं, पण गोडी सगळी तिथंच असते. तुमचं पुस्तक लहान राहिलं तर राहू द्या."

दुसऱ्या एका आजीचं बावखल तिच्याच मुलांनी बुजवलं होतं. तिनं सगळं सांगितलं, अगदी पाण्यात उतरायच्या पायऱ्या किती ते सुद्धा. निघताना मास्तरांचा हात धरून म्हणाली, "मुलांची नावं नको छापूस हं." मास्तरांनी वहीत पायऱ्या लिहिल्या. नावं लिहिली नाहीत. नाव लपवलं की सत्यात तेवढा भराव पडतो का, असं मी घरी येताना विचारलं. मास्तर म्हणाले, "गाडी बघून चालव." पण त्या रात्री त्यांना झोप आली नसावी, कारण सकाळी सहाला फोन आला. "बुजवलं एवढं लिहू आणि साल लिहू. ते खरं आहे. नावं तिची आहेत, ती तिनं द्यायची की नाही ते तिनं ठरवायचं."

छपाईत पृष्ठं सोळासोळानं वाढतात. सोळा पृष्ठांचा एक फर्मा. आमचे पाच होते. आजींच्या आठवणींनी सहावा काठोकाठ भरला. शहाण्णव पृष्ठं. म्हणजे (इथं मी बायकोला समोर बसवून दोनदा विचारलं) अठ्ठेचाळीस पानं. चार पॉइंट आठ, अधिक कव्हरचा अर्धा. पाच पॉइंट तीन मिलिमीटर.

"पाचाच्या वर आहे," नालासोपाऱ्याचा मुलगा म्हणाला. "पण काका, अक्षर मुंगीएवढं येईल."

"येऊ दे. मुंगी स्वतःच्या पायावर उभी असते."

पुस्तक छापून आलं. साध्या कागदावर, कोरी पानं नाहीत, प्रस्तावना मास्तरांचीच दीड पृष्ठाची. कण्यावर मास्तरांचं नाव आहे. घडी मिलिमीटरभर इकडेतिकडे झालीच. काही प्रतींत मास्तरांचा रफार मुखपृष्ठावर गेलाय आणि काहींत उकार मलपृष्ठावर. मास्तरांनी भिंग घेऊन दोन्ही प्रकार तपासले आणि त्यातल्या त्यात सरळ असलेल्या प्रती ग्रंथालयांसाठी बाजूला काढल्या. १९५४ च्या कायद्यानं प्रकाशकाला प्रत्येक पुस्तकाची एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी काही ग्रंथालयांना पाठवावी लागते. ती पार्सलं मीच पोस्टात टाकली. कोलकात्यात कुठल्याशा कपाटात वटारची बावखलं पाच पॉइंट तीन मिलिमीटर जागा धरून उभी राहतील. खणलेली जागा आहे, फुकटची नव्हे.

माझ्या घरी ते पुस्तक माझ्या बी. कॉम.च्या हिशेबशास्त्राशेजारी आहे. हिशेबशास्त्राचा कणा चार बोटं रुंद, सोनेरी अक्षरांचा. तो मला रोज दिसतो, कारण ते पुस्तक मी पंचवीस वर्षांत उघडलेलं नाही. मास्तरांचं पुस्तक मधूनमधून हातात असतं, आणि हातात असताना त्याचा कणा दिसत नाही. पुस्तक वाचणाऱ्याला कण्याकडे बघायला मिळतच नाही, हे त्यामुळे ध्यानात आलं. तरीही वाचून झाल्यावर ते जागेवर ठेवताना मी ते नाव एकदा बघून घेतो. मास्तरांनी हौस लपवली नाही; मी तरी का लपवू?

त्यांनी मला दिलेल्या प्रतीवर पहिल्या पानावर आशीर्वाद असेल अशी माझी अपेक्षा होती. तिथं लाल शाईत एक गणित आहे: ८० भागिले २ बरोबर ४०. खाली शेरा: 'घाई. दहापैकी सहा.'

पाठीचं दुखणं मात्र तसंच आहे. परवा डॉक्टरांनी एक्स-रे पुन्हा उजेडासमोर धरला आणि म्हणाले, "मणक्यांमधली ही जागा आता काही भरून येणार नाही."

मी म्हटलं, "राहू द्या डॉक्टर. भराव नको."